मंजूर शिफारशीपासून दुकानातल्या पाकिटापर्यंत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्राचा सहायक प्राध्यापक आहे. तुरीच्या मुळांजवळच्या मातीतून आम्ही ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीचा एक स्थानिक स्ट्रेन (उपप्रकार) वेगळा केला. तूर आणि हरभऱ्याच्या मर रोगावर तीन हंगाम चाचण्या घेतल्या, निष्कर्ष चांगले आले, जॉइंट ॲग्रेस्कोत शिफारसही मंजूर झाली. त्याला दोन वर्षे झाली, पण एकाही कंपनीने विचारणा केलेली नाही. आता पेटंट घ्यावे, एखाद्या कंपनीला तंत्रज्ञान द्यावे, की आम्हीच कंपनी काढावी?"

तुमच्या प्रश्नात पेटंट आधी आले आहे आणि दुकान कुठेच आलेले नाही. मी उत्तराची सुरुवात दुकानापासून करतो. या कामात मला बावीस वर्षे झाली. त्यातली पहिली नऊ जैविक निविष्ठांच्या उत्पादनात गेली आणि पुढची सारी संशोधकांचे तंत्रज्ञान उद्योगांच्या हाती सोपवण्यात. या काळात जे चांगले शोध वाया गेलेले मी पाहिले, त्यांतले बहुतेक प्रयोगशाळा आणि दुकान यांच्यामधले काम कोणाच्याच वाट्याला दिलेले नव्हते म्हणून वाया गेले. पेटंटअभावी गेलेले फार थोडे.

ज्यांना ही व्यवस्था परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांचे संशोधक संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीच्या बैठकीत आपापले वाण, अवजारे आणि शिफारशी मांडतात. यालाच सगळे जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात. तेथे आकडे तपासले जातात, उलटसुलट प्रश्न होतात आणि मंजूर झालेली शिफारस कृषी विभागामार्फत व विद्यापीठांच्या दैनंदिनींतून शेतकऱ्यांपर्यंत जाते. संशोधकाच्या दृष्टीने हा मोठा टप्पा असतो आणि त्याचा आनंद रास्तच आहे. पण शिफारस शेतकऱ्याला काय करावे एवढेच सांगते. "प्रति किलो बियाण्यास १० ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावा" या वाक्यात ते १० ग्रॅम कोण बनवणार, कोण साठवणार, कोणत्या दुकानात ते मिळणार आणि न विकलेला माल कोण परत घेणार, यांपैकी कशाचेच उत्तर नसते. नव्या पेरणी अंतराची किंवा खतमात्रेची शिफारस असेल तर तिला उत्पादनाची गरजही नसते. ती कागदावरून थेट शेतात जाऊ शकते. जिवंत बुरशीचे तसे होत नाही.

एक प्रसंग सांगतो, कारण या विषयातले माझे सारे शिक्षण त्यात झाले. मी उत्पादनात होतो तेव्हा आम्ही टाल्क पावडरवर ट्रायकोडर्मा बनवत असू. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी एका कृषी सेवा केंद्रात गेलो होतो. वर पत्र्याचे छप्पर होते. खालच्या फळ्यांवर संकरित बियाण्यांच्या आणि तणनाशकांच्या पेट्या नीट लावलेल्या होत्या, आणि आमची पाकिटे सर्वांत वरच्या फळीवर, पत्र्यापासून हातभर अंतरावर होती. दुकानदाराची त्यात काही चूक नव्हती. कमी खपणारा माल वर जातो, हा प्रत्येक दुकानाचा नियमच आहे. भिंतीवरच्या तापमापीत ४४ अंश दिसत होते. तोच तापमापी मी शिडीवर चढून वरच्या फळीवर ठेवला, तर थोड्याच वेळात पारा पन्नाशीच्या पुढे गेला. फेब्रुवारीची तारीख असलेली सहा पाकिटे मी विकत घेतली, प्रयोगशाळेत आणली आणि निवडक माध्यमाच्या, म्हणजे मुख्यतः तीच बुरशी वाढेल अशा खाद्याच्या, प्लेटवर मोजणी केली. पाकिटावर प्रति ग्रॅम किमान २० लाख सीएफयूची, म्हणजे वाढू शकणाऱ्या जिवंत कणांची, हमी छापलेली होती. प्रत्यक्षात दोन पाकिटांत हजारांच्या घरातली संख्या निघाली आणि एका पाकिटाच्या प्लेटवर काहीच वाढले नाही. त्याच लॉटची, आमच्या वातानुकूलित खोलीत ठेवलेली पाकिटे मात्र उत्तम होती. ज्या शेतकऱ्यांनी त्या दुकानातून माल नेला त्यांनी पैसे देऊन टाल्क पावडर बियाण्याला चोळली होती. त्यांतल्या कोणीही पुन्हा ट्रायकोडर्मा घेतला नसेल, आमचाही नाही आणि दुसऱ्या कोणाचाही नाही.

म्हणून तुम्हाला माझा पहिला प्रश्न असा आहे, की तुमच्या तिन्ही हंगामांच्या चाचण्या कोणत्या मालाने झाल्या? बहुतेक विभागांत पेरणीच्या आठवडाभर आधी ज्वारीच्या दाण्यांवर किंवा बटाटा-डेक्स्ट्रोजच्या द्रवात ताजे कल्चर, म्हणजे जिवंत बुरशी, वाढवले जाते, टाल्कमध्ये मिसळले जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बियाण्याला लावले जाते. त्या चाचणीने तुमचा स्ट्रेन मर रोगाच्या फ्युजॅरियम बुरशीवर मात करतो हे सिद्ध होते, आणि ते महत्त्वाचे आहेच. पण सहा महिने जुन्या पाकिटाबद्दल ती चाचणी एक अक्षरही सांगत नाही. कंपनीचा माणूस तुमचा अहवाल वाचतो तेव्हा मर रोग किती टक्क्यांनी घटला हा रकाना तो शेवटी पाहतो. आधी तो साठवणुकीचा तक्ता शोधतो, आणि तो नसला की फाइल बाजूला ठेवतो. तुम्हाला दोन वर्षांत विचारणा न होण्याचे कारण, माझ्या अंदाजाने, इतकेच साधे असावे.

हे काम कंपनीने करावे, आपले काम शोधाचे, असे अनेक संशोधक मला सांगतात. मला ते मान्य नाही, कारण हे कामही संशोधनच आहे आणि त्यातले प्रश्न तुमच्याच विषयाचे आहेत. द्रव माध्यमात हलवून वाढवलेल्या कल्चरमध्ये बुरशीच्या तंतूंचे प्रमाण जास्त असते, आणि तंतू सुकवताना मरतात. घन माध्यमावर मिळणारे कोनिडिया, म्हणजे बीजाणू, सुकवण्यात अधिक टिकतात. जाड भिंतीचे क्लॅमिडोस्पोअर बीजाणू त्याहून चिवट असतात, पण ते पुरेशा संख्येने कोणत्या माध्यमात आणि कितव्या दिवशी तयार होतात हे स्ट्रेननुसार बदलते. पावडरमधील ओलावा ८ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. तो तुम्ही सावलीत सुकवून साधता, गरम हवेने साधता की कसा, यावर पुढचे सहा महिने अवलंबून असतात. टाल्कऐवजी दुसरा वाहक, तेलातील द्रवरूप, आतून थर दिलेले पाकीट, यांतले काय तुमच्या स्ट्रेनला मानवते हे त्याला जवळून ओळखणाऱ्या माणसाइतके कोणालाच लवकर सापडणार नाही. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला हा विषय प्रबंधासाठी द्या. मर रोगावर आणखी एक प्रबंध होण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

दुसरा अडथळा मोठ्या प्रमाणावर बनवण्याचा असतो. फ्लास्कमध्ये २५० मिलिलीटर माध्यमात जे सहज वाढते ते ५०० लीटरच्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे बुरशी वाढवण्याच्या टाकीत, तसेच वाढत नाही. तिथे ऑक्सिजन कमी पडतो, फेस होतो, ढवळणीच्या जोराने तंतू तुटतात आणि एका जिवाणूचा शिरकाव झाला तर सगळी बॅच फेकून द्यावी लागते. प्रयोगशाळेचे महागडे माध्यम मोठ्या टाकीत परवडत नाही, म्हणून साखर कारखान्याची मळी किंवा तत्सम स्वस्त माध्यम घ्यावे लागते आणि त्याची प्रत दर खेपेला वेगळी असते. एका उत्तम बॅचला कोणी पैसे देत नाही. कंपनीला सलग तीन सारख्या बॅचेसची नोंद हवी असते, वेळ, तापमान, सामू, ओलावा आणि मोजणीसकट. विद्यापीठाच्या जैविक नियंत्रण प्रयोगशाळेत लहान फर्मेंटर असेल तर या तीन बॅचेस तुम्हीच काढा.

आता शेतकऱ्याकडे वळू. कोणते तंत्रज्ञान बाजारात चालेल हे ताडण्यासाठी मी एक गोष्ट नेहमी पाहतो: घेणाऱ्याला फायदा किती लवकर आणि किती उघड दिसतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा आंबे उतरवण्याचा नूतन झेला घ्या. हापूस देठासह उतरवला की चीक फळावर ओघळत नाही, डाग पडत नाहीत, आणि बागायतदाराला हा फरक त्याच दिवशी करंडीत दिसतो. शिवाय काठी, जाळी आणि पाते हे साहित्य गावातच जुळते. असे अवजार पसरायला जाहिरातीची गरज पडत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या पीकेव्ही मिनी डाळ मिलचे कारण थोडे वेगळे आहे. तिथे विद्यापीठाने आराखडा दिला, स्थानिक कारखानदारांनी यंत्र बनवले, आणि विकत घेणारा बचत गट किंवा तरुण शेजाऱ्यांची तूर भरडून देऊन पहिल्याच हंगामात रोख कमवू लागला. यंत्र बिघडले तर जवळच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त होते, ही बाब मला यंत्राच्या कार्यक्षमतेइतकीच मोलाची वाटते. जे तंत्रज्ञान बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला, वापरणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला, अशा चौघांनाही काही देते, त्याचे गाडे सहसा अडत नाही.

याउलट धनशक्ती बाजरीचे उदाहरण आहे. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून, आयसीटीपी ८२०३ या जुन्या लोकप्रिय वाणातून अधिक लोह असलेला हा वाण विकसित केला. २०१२ पासून तो शेतकऱ्यांकडे जाऊ लागला आणि २०१४ मध्ये देशपातळीवर प्रसारित झाला. पाचोऱ्याच्या निर्मल सीड्सने त्याचे बियाणे बाजारात नेले. कुपोषणाशी झगडणाऱ्या भागासाठी याहून मोलाचे काम शोधून सापडणार नाही, पण लोह डोळ्यांना दिसत नाही. बाजार समितीत लोहाला वेगळा भाव मिळत नाही आणि भाकरीच्या चवीतही ते कळत नाही. शेतकऱ्याने तो पेरण्याचे कारण त्यामुळे उत्पादन हेच राहते, आणि धनशक्ती जुन्या वाणापेक्षा उत्पादनातही सरस होता हे त्याचे सुदैव. जे संशोधक पोषणमूल्य, मातीचा कस किंवा पाण्याची बचत अशा न दिसणाऱ्या फायद्यांवर काम करतात, त्यांनी सोबत एखादा दिसणारा फायदा जोडलाच पाहिजे, नाहीतर खरेदीदार शासन किंवा संस्था असेल असे आधीच गृहीत धरले पाहिजे.

तुमचा ट्रायकोडर्मा या दोन टोकांच्या मध्ये पडतो. ज्या वर्षी मर रोग येतो त्या वर्षी फरक ठळक दिसतो, आणि ज्या वर्षी येत नाही त्या वर्षी पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. त्यामुळे तुमच्या उत्पादनाचा पहिला ग्राहक ठरवताना जिल्हाभर पसरू नका. ज्या गावांत त्याच शेतात वर्षानुवर्षे तूर किंवा हरभरा घेतला जातो आणि मर दरवर्षी हटकून येते, अशी गावे तुम्हाला तुमच्या सर्वेक्षणांतून माहीत आहेत. तिथल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे जा. प्रत्येक शेतकऱ्याच्या शेतात चार ओळी बीजप्रक्रियेशिवाय सोडायला सांगा, आणि त्या ओळी रस्त्याच्या कडेला असू द्या. झाडे माना टाकू लागली की गाव आपोआप बघायला येते.

याच गावांत तुम्हाला असे प्रश्न विचारले जातील, जे समितीपुढे कोणी विचारले नव्हते. पहिला प्रश्न हमखास बियाण्याच्या बॅगेचा असतो. पिशवीतले बियाणे आधीच बुरशीनाशक लावून आलेले असते. ते कार्बेन्डाझिम असेल तर ते ट्रायकोडर्मालाही मारते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुकानदाराला मात्र ते ठाऊक नसते आणि तो बियाण्याची बॅग आणि ट्रायकोडर्माचे पाकीट एकत्र देतो. त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या प्रमुख बीजप्रक्रिया औषधांशी तुमचा स्ट्रेन किती जुळतो, याचा एका पानाचा तक्ता तुमच्याकडे तयार असला पाहिजे. दुसरा प्रश्न वजनाचा. शिफारस किलोला १० ग्रॅमची आहे आणि हरभऱ्याची बॅग ३० किलोची. म्हणजे शेतकऱ्याला ३०० ग्रॅम हवेत आणि आपण त्याच्या हाती एक किलोचे पाकीट देतो. पेरणीच्या घाईत कोणी तराजू काढत नाही. तो अंदाजाने मूठभर टाकतो, उरलेले पाकीट गोठ्यात उघडे राहते आणि पुढच्या वर्षी तेच वापरले जाते. एका बॅगेला एक पाकीट, इतके साधे गणित बसवा. तुरीसाठी एकरी बियाणे पाच-सहा किलोच लागते, तेव्हा तिचे पाकीट वेगळे, ६० ग्रॅमचे असू द्या. आमच्या एका उत्पादनाचा खप, सूत्र तसूभरही न बदलता, केवळ पाकिटाचे वजन बदलल्यावर वाढलेला मी पाहिला आहे.

पेटंटचा प्रश्न आता घेतो. मराठीत आपण सापडलेल्या गोष्टीलाही शोध म्हणतो आणि घडवलेल्या गोष्टीलाही. कायदा मात्र या दोहोंत भेद करतो. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३ नुसार निसर्गात आढळणारा सजीव केवळ शोधून काढला म्हणून त्यावर पेटंट मिळत नाही. शेतीची पद्धत पेटंटला पात्र नाही, म्हणजे १० ग्रॅमची बीजप्रक्रियाही नाही. घटकांच्या गुणांची केवळ बेरीज होईल असे नुसते मिश्रणही पात्र नाही, त्यांतून एकत्रित वाढीव परिणाम दाखवावा लागतो. तेव्हा मातीतून काढलेला तुमचा स्ट्रेन जसाच्या तसा पेटंटयोग्य नाही. पण तो पन्नाशीच्या तापमानात टिकवणारे एखादे सूत्रीकरण (बुरशी, वाहक आणि इतर घटकांचे तयार मिश्रण) किंवा क्लॅमिडोस्पोअरचे प्रमाण वाढवणारी एखादी प्रक्रिया तुम्ही घडवलीत, तर तिच्यासाठी अर्ज करण्यात अर्थ आहे. ज्या कामाला वर मी दुकानाचे काम म्हटले, पेटंटयोग्य असे काही निघालेच तर ते तिथूनच निघेल.

तसे काही हाती लागले तर एका गोष्टीची काळजी आधी घ्या. विद्यार्थ्याचा प्रबंध कृषिकोश या कृषी प्रबंधांच्या संकेतस्थळावर खुला झाला, शिवारफेरीत फलकावर कृती लिहिली गेली, किंवा मेळाव्यात कोणी उत्साहाने सगळे प्रमाण सांगून टाकले, की नावीन्य संपते. कायद्यात काही मोजक्या प्रदर्शनांना आणि विद्वत्सभांतील वाचनाला सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. प्रबंध सादर होण्याआधी तात्पुरत्या स्वरूपाचा अर्ज दाखल करा. त्यानंतर पूर्ण तपशील देण्यासाठी १२ महिने मिळतात आणि विद्यार्थ्याची पदवीही अडत नाही. सूक्ष्मजीव मान्यताप्राप्त संग्रहालयात जमा करावा लागतो. पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याच्या बुडापेस्ट कराराखालील अशी सोय पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात आणि चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहात आहे. स्ट्रेन इथल्या मातीतला असल्याने जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर भारतीय अर्जदारालाही पेटंट मिळण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. ती कागदपत्रे पेटंटच्या अर्जाबरोबरच सुरू करा, कारण मागाहून धावाधाव केली की वर्ष जाते. पेटंट झाले नाही तरी निराश होऊ नका. जिवंत उत्पादनात खरे संरक्षण शुद्ध मदर कल्चर (ज्यापासून प्रत्येक बॅच वाढवतात ते मूळ कल्चर) आणि बारकाव्यांनिशी लिहिलेली कृतिपुस्तिका यांचे असते, आणि ती दोन्ही तुमच्या कपाटात आहेत.

नोंदणीला मात्र पर्याय नाही. रोगनियंत्रणाचा दावा करून ट्रायकोडर्मा विकायचा तर कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदणी हवी. कलम ९(३ब) खाली तात्पुरती आणि ९(३) खाली नियमित, असे तिचे दोन मार्ग आहेत. त्यासाठी स्ट्रेनची ओळख, उत्पादनाचे गुणधर्म, जैविक परिणामकारकता, विषाक्तता, साठवणूक, पॅकिंग आणि लेबल अशी सारी माहिती द्यावी लागते आणि विषाक्ततेच्या चाचण्यांचा खर्च लाखांत जातो. इथेही घोडे कुठे पेंड खाते ते पाहा. परिणामकारकतेच्या चाचण्या ज्या सूत्रीकरणाची नोंदणी हवी त्याच सूत्रीकरणाच्या असाव्या लागतात. ताज्या कल्चरवर घेतलेल्या तुमच्या तीन हंगामांचा इथे आधार मिळतो, पण त्यांवर काम भागत नाही. म्हणून सूत्रीकरण आधी पक्के करा आणि मगच पुढच्या बहुस्थानीय चाचण्या लावा. रोगाचा दावा सोडून जैवउत्तेजक, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारे, म्हणून विका, म्हणजे नोंदणीची कटकट टळेल, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. २०२१ पासून जैवउत्तेजकही खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आले आहेत. आणि मुख्य म्हणजे, ज्या कामासाठी स्ट्रेन शोधला तेच काम लेबलवर लिहिता येणार नसेल, तर शेतकऱ्याला आपण नेमके काय विकतो आहोत?

तंत्रज्ञान कंपनीला देताना करारातले चार-दोन मुद्दे तुम्ही स्वतः वाचा, सगळे प्रशासनावर सोपवू नका. सार्वजनिक संस्थांचा कल अनेकांना सारखाच परवाना देण्याकडे असतो आणि वाण किंवा अवजारांसाठी तो योग्यही आहे. पण जिथे नोंदणीवर आधी लाखो रुपये घालावे लागतात, तिथे दहा जणांना परवाना दिला तर एकही जण खर्च करत नाही. अशा वेळी दोन वाटा असतात. एक, ठराविक वर्षांसाठी एकाच कंपनीला परवाना द्यावा. दुसरी, नोंदणीसाठी लागणारी माहिती विद्यापीठाने एकदाच तयार करून ती वापरण्याचा हक्क शुल्क घेऊन अनेकांना द्यावा. पैशांची सोय होत असेल तर मी दुसरी वाट निवडेन, कारण एका कंपनीच्या मर्जीवर शेतकऱ्यांना ठेवणे मला पटत नाही. पहिली निवडावी लागली तर दोन हंगामांत ठरलेली किमान विक्री झाली नाही की परवाना आपोआप परत येईल, हे कलम घातल्याशिवाय सही होऊ देऊ नका. हे मी अनुभवाने सांगतो. एका चांगल्या जिवाणू खताचा एकमेव परवाना एका कंपनीने घेतला, शुल्कही वेळेवर भरले, आणि स्वतःच्या जुन्या उत्पादनाशी स्पर्धा नको म्हणून तो पाच वर्षे तसाच ठेवून दिला. करारात असे कलम नव्हते, त्यामुळे कोणालाच काही करता आले नाही. तो संशोधक मधल्या काळात निवृत्त झाला.

विद्यापीठाचे नाव पाकिटावर छापण्याची परवानगी हाही कराराचा स्वतंत्र विषय समजा. गावात लोक "राहुरीचं बियाणं", "अकोल्याची मशीन" असे म्हणतात, तेव्हा ते पन्नास वर्षांच्या विश्वासाने बोलत असतात. हे नाव देताना, बाजारातून कोणत्याही वेळी पाकिटे उचलून मोजणी करण्याचा आणि मोजणीत कमी भरलेला लॉट मागे घ्यायला लावण्याचा अधिकार विद्यापीठाकडे ठेवा. मदर कल्चरही एकदाच देऊन मोकळे होऊ नका. वारंवार पुढच्या माध्यमावर नेत राहिल्याने स्ट्रेनचा जोम उतरतो, म्हणून दर हंगामाआधी ताजे मदर कल्चर तुमच्याकडूनच जावे आणि त्याचे शुल्क ठरलेले असावे.

राहिला कंपनी काढण्याचा प्रश्न. तुम्ही स्वतः काढू नये असे माझे मत आहे. सेवानियमांची अडचण आहेच, पण त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. कृषी सेवा केंद्रांचा व्यवहार उधारीवर चालतो, वसुली हंगामानंतर होते, न खपलेला माल परत येतो, आणि जून-जुलैमध्ये तुम्ही वर्गात किंवा प्रक्षेत्रावर असता तेव्हाच दुकानदाराचे फोन येतात. तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला यात मनापासून रस असेल तर त्याला पुढे करा आणि तुम्ही रीतसर परवानगी घेऊन तांत्रिक सल्लागार व्हा. त्याच्यासाठी पैशांची सोय आहे. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान उद्योगाला साहाय्य करणाऱ्या संस्थेच्या बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँटमधून १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते. राष्ट्रीय कृषी विकास योजनेखालील इन्क्युबेशन, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या, केंद्रांतून कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत आणि सुरुवातीच्या टप्प्यावर २५ लाखांपर्यंत मदत आहे. मुंबईत माटुंग्याच्या सर्कॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत असे केंद्र आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटर जैवतंत्रज्ञानातल्या नवउद्योगांना जागा, उपकरणे आणि पेटंटचे मार्गदर्शन देते. अर्ज लिहिताना मात्र रोगशास्त्राची दहा पाने लिहू नका. निवड समितीला पाकीट किती दिवस टिकते, एका एकराला किती खर्च येतो आणि पहिले दोनशे शेतकरी कोणत्या गावांतले, हे आधी कळले पाहिजे.

हे सगळे एकदम होणार नाही, म्हणून या वर्षापुरते एकच काम सांगतो. येत्या फेब्रुवारीत एक बॅच बनवा आणि तिची साठ पाकिटे भरा. बाजारातून आणलेल्या दुसऱ्या ट्रायकोडर्माची तितकीच पाकिटे तुलनेसाठी घ्या. विद्यापीठाच्या आसपासच्या तीन तालुक्यांतली सहा कृषी सेवा केंद्रे निवडा, पत्र्याच्या छपराची आणि स्लॅबची मिळून, आणि दुकानदारांना विनंती करून ही पाकिटे विक्रीसाठी नव्हे तर केवळ ठेवण्यासाठी द्या. निम्मी खालच्या फळीवर आणि निम्मी सर्वांत वर ठेवा, सोबत नोंद ठेवणारा छोटा तापमापी ठेवा. मार्चअखेरीस, एप्रिलअखेरीस, मेअखेरीस आणि पेरणीच्या तोंडावर प्रत्येक दुकानातून पाकिटे उचलून मोजणी करा. शेवटच्या मोजणीतले पाकीट बियाण्याला चोळून मर रोगाची बुरशी मिसळलेल्या मातीच्या कुंडीत त्याची परीक्षा घ्या. जूनमध्ये ते आकडे हाती आले की मला कळवा, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी. कोणत्या कंपन्यांना पत्र लिहायचे आणि त्यात काय लिहायचे, हे आपण त्या तक्त्यावरूनच ठरवू.